तिजोरीतला पासपोर्ट

मी बी.ए. झालो आणि मोहल्ल्यातली पत्रं लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. खेड-दापोलीकडच्या आमच्या वस्त्यांमधून घराआड एक माणूस आखातात. तेव्हा फोन मोजकेच. बायका पडवीत येऊन बसायच्या आणि सांगायच्या, ‘लिही, इकडे सगळी खैरियत आहे.’ नसली तरी तेच लिहायचं.

माझा मामेभाऊ तिकडे गवंडीकामाला होता. उतरल्या दिवशीच मालकानं पासपोर्ट घेऊन तिजोरीत टाकला. पुढं सात महिने पगार थकला. मामी वारली, तर मातीलाही त्याला येता आलं नाही; हाती पासपोर्ट नाही आणि मालकाच्या संमतीशिवाय तेव्हा देश सोडता येत नसे. मी इंग्रजीत अर्ज खरडून तिथल्या आपल्या कचेरीला पाठवला. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं, मालकाशी बोलून घ्या. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याशीच!

फार पुढं कळलं, की १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे त्या तिजोरीत सरकारचीच वस्तू कोंडलेली होती. निदान आपली वस्तू तरी सरकारनं मागायची!

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. १९९० साली इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा आम्ही ट्रान्झिस्टरभोवती रात्री काढल्या. अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीय विमानांनी परत आणले गेले. २००९ पासून परदेशात अडकलेल्यांसाठी वकिलातींकडे कल्याण निधी आहे. त्यातून वकील देता येतो, मृतदेह घरी आणता येतो. हा निधी वकिलातीत भरल्या जाणाऱ्या शुल्कातूनही उभा राहतो, तेव्हा ती खैरात नव्हे. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत हेगच्या न्यायालयात गेला. त्यांना आपल्या वकिलातीशी संपर्क न देऊन पाकिस्ताननं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला.

परक्या देशाचा कायदा आपल्याला मोडता येत नाही, हे कबूल. पण आपल्या माणसाची तक्रार नोंदवणं, त्याच्यासोबत तिथल्या कामगार न्यायालयात दुभाषा पाठवणं, यात कुणाचा कायदा मोडतो? १९८३ च्या कायद्यानं दहावी न झालेल्या मजुराला आखातात जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. जाताना त्याचे कागद तपासता, मग पगार थकल्यावर त्याची चौकशीही तुमच्याकडेच येणार. युद्ध पेटलं, नाव गाजलं की यंत्रणा हलते. एकट्या गवंड्याच्या पगाराची बातमी होत नाही.

भाऊ अखेर परतला. थकलेला पगार बुडाला तो बुडालाच. परवा त्याचा धाकटा मुलगा निघाला. मी त्याला पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढायला लावल्या, एक घरी ठेवली आणि दुसरीच्या पाठीवर वकिलातीचा नंबर लिहून दिला. तो हसला, ‘चाचा, मोबाइलमध्ये आहे की सगळं.’

म्हटलं, ‘मोबाइलही काढून घेतात, बाबा. कागद खिशात ठेव.’