दोनशे वस्तीचं बेट आणि आपली ग्रामपंचायत

(रेवदंडा येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



कोणी मासळी विकून आलात, कोणी वाडीतलं शिंपणं आटोपून. म्हणून फार लांबण लावत नाही. एका परक्या गावाची गोष्ट सांगते.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात उत्सिरा नावाचं बेट आहे. वस्ती जेमतेम दोनशे, तरी कारभार स्वतंत्र. त्या देशातली सर्वांत कमी लोकसंख्येची पंचायतच म्हणा ना. मासेमारीवर जगलेलं बेट. आपल्या कोळीवाड्यासारखंच, थंडी तेवढी जास्त.

नॉर्वेत १९१३ मध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मिळाला. १९२५ च्या निवडणुकीत या बेटावर १२ पैकी ११ जागांवर बायका निवडून आल्या. बारावा तेवढा पुरुष! ओसा हेल्गेसेन ही बेटावरची सुईण १९२६ मध्ये प्रमुख झाली. त्या देशात या पदावर बसलेली पहिली स्त्री. सुईण म्हणजे घराघरात जाणारी, कोणाची चूल आज पेटली नाही हे न सांगता ओळखणारी. अशा बायका आपल्याकडे काय कमी आहेत?

आपल्याकडेही जळगाव जिल्ह्यात विटनेरला १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या चळवळीतून सगळ्या बायकांची ग्रामपंचायत आली. ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतरची. ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला.

जागा मिळाल्या. पण मी पूर्वी काम करत होते त्या एका गावात महिला सभा 'झाली' ती अशी : शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरला. एका काकींनी भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने अंगठा दिला. विषय विचारला तर म्हणाल्या, "कोणी सांगितलंच नाही गं." मी शेजारीच बसले होते. गप्प राहिले. नवी होते, गावाशी बिघडेल याची भीती वाटली. ते अजून टोचतं.

नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात, तेही. किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय सगळ्यांना सुचते. पाटी घेऊन दिवसभर बसणाऱ्या बाईने संडासाला कुठे जायचं, हे त्या सभेत आपणच विचारायचं.

तेव्हा उद्या पंचायतीच्या फळ्यावर महिला सभेची नोटीस लागली आहे का, बघून या. एकटीने नको, चौघी मिळून जा. मी बाजाराच्या कोपऱ्यावर थांबते.