वेगापुढे नम्र होताना
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. मी बँकेत नोकरी केलेला सामान्य मनुष्य. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रथम चालू व पुढे धावू लागलो. एवढ्याच अधिकारावर चिटणीसांनी मला बोलण्याची आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून आपल्यापुढे उभा आहे.

२०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये मी ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर धावलो. तेथे आम्हां हौशी मंडळींना पहाटेच्या अंधारात सोडतात आणि नामांकित धावपटू उजाडल्यावर निघतात. माहीम मागे टाकून प्रभादेवीच्या सुमारास मी पाय ओढीत होतो. तोच मागून मोटारीचा भोंगा वाजला आणि आफ्रिकेतील काही धावपटू माझ्या बाजूने निघून गेले. खांदे स्थिर, मुद्रा शांत, पावलांचा आवाज जेमतेम. डोळे भरून पाहावे तोवर ते दिसेनासे झाले. त्या दिवशी इथिओपियाच्या हाइले लेमी यांनी २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत शर्यत जिंकून तिचा नवा उच्चांक प्रस्थापित केला. मला पाच तासांस थोडेच कमी लागले.

हा वेग म्हणजे नेमके काय, हे समजावे म्हणून मी ४०० मीटरच्या मैदानावर गेलो. लेमी यांच्या हिशेबाने एक फेरी साडेबहात्तर सेकंदांत व्हावयास हवी, आणि अशा साडेएकशे पाच फेऱ्या. सारा जीव ओतून माझी एक फेरी ९६ सेकंदांत झाली. माझ्या महाविद्यालयीन पुतण्याने ती ७१ सेकंदांत पुरी केली आणि तो गवतावर आडवा झाला. दम परतल्यावर म्हणाला, ‘‘काका, अजून साडेएकशे चार राहिल्या!’’

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केनियाचे केल्विन किप्टुम शिकागो येथे हेच अंतर २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत धावले. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला तीन मिनिटेदेखील नाहीत. वय अवघे तेवीस. पुढच्या फेब्रुवारीत मोटार अपघातात त्यांचा अंत झाला, हे स्मरले की आजही मन विषण्ण होते. अशा धावपटूंना दैवी देणगी असते असे म्हणून आपण मोकळे होतो. केनियातील त्यांची पठारे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच आहेत, तेथील विरळ हवेचा लाभ त्यांना होतो, हे खरे. परंतु किप्टुम आठवड्याला अडीचशे किलोमीटरांहून अधिक धावत, असे त्यांच्या प्रशिक्षकांनी सांगितले होते. तेवढे अंतर कापण्यास मला दोन महिने लागतात.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. २ तास ५० मिनिटांत ते पार करून त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. शंभर वर्षांनंतर, उत्तम बूट घालूनही, मी त्यांच्या जवळपास पोहोचू शकत नाही.

बंधुभगिनींनो, मी धावत नव्हतो तेव्हा असे आकडे वर्तमानपत्रात वाचून पान उलटीत असे. आज तेच आकडे मला थक्क करतात, कारण त्यांतील एकेक सेकंद मी माझ्या छातीत मोजला आहे. आपण येथे गुणवंत मुलांना शाल-श्रीफळ देतो. परंतु त्या वाटेवर आपण स्वतः चार पावलेही टाकली नसतील, तर आपले कौतुक टाळ्यांपुरतेच उरते.

म्हणून एक विनंती करतो. वसतिगृहामागील मोकळ्या जागेत दुसरे सभागृह बांधण्याचा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. ती जागा मुलामुलींना धावण्यासाठी मोकळी ठेवावी. त्यांतून किप्टुम निघतील असे माझे म्हणणे नाही. पण त्यांचा वेग कळण्याइतका दम तरी आपल्या मुलांना लागेल, आणि माझ्यासारखी साखर कित्येकांच्या वाट्याला येणार नाही.