प्राणवायूचे वाहन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. वैद्यकाचे अधिकारी नव्हे. परंतु श्वसनाचा धडा आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकविला, आणि सन २०२० व २०२१ मध्ये त्या धड्यातील एक शब्द घराघरांत जाऊन पोहोचला. बोटाला चिमट्याप्रमाणे लावावयाचा ऑक्सिमीटर त्या काळात आपल्यापैकी पुष्कळांनी विकत घेतला. तो आता कपाटात असतो, व कोणी ‘दम लागतो’ म्हटले की बाहेर निघतो. ९८ आकडा दिसला की घर निश्चिंत होते. ही निश्चिंती कोठवर खरी, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आपण स्वस्थ बसलो असता एका श्वासासरशी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. तिच्या १०० भागांत २१ भाग प्राणवायू असतो. उच्छ्वासात तो १६-१७ भागच उरतो. मधले भाग कोठे गेले? श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत अखेर ती वायुकोश नावाच्या बारीक फुग्यांत संपते. हे वायुकोश ३० ते ५० कोटी असतात. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. चाळीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाहून हा विस्तार पुष्कळच मोठा झाला. वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त यांमधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. देवघरातील धूप जसा आपोआप माजघरात पसरतो, तसाच प्राणवायू जेथे अधिक आहे तेथून जेथे उणा आहे तेथे, म्हणजे रक्तात, शिरतो. रक्त तेथे पाऊण सेकंदच असते, पण तेवढा वेळ पुरून उरतो.

आता खरी अडचण पुढे आहे. रक्तातील पाण्यात प्राणवायू फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात अशा रीतीने जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू मावतो. एवढ्यावर मनुष्याचे चालले नसते. म्हणून तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू, व प्रत्येक अणूवर प्राणवायूचा एकेक रेणू बसतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू वाहिला जातो. विशेष हे की, राबणाऱ्या स्नायूत जेथे कर्बवायू अधिक साचतो, तेथे हिमोग्लोबिन आपले ओझे अधिक सहज उतरविते. ही गोष्ट डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ साली दाखवून दिली. परतीच्या वाटेवर तो कर्बवायू बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तातच विरघळून फुप्फुसांकडे येतो.

ऑक्सिमीटर या सर्व व्यवहारात पाहतो तरी काय? तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवितो व हिमोग्लोबिनपैकी शेकडा किती भाग प्राणवायूने भरला आहे ते सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ही युक्ती काढली. त्यांची युक्ती घरोघर पोहोचत असतानाच, एप्रिल २०२० मध्ये, ते वारले. फुप्फुसे बिघडली तर हे यंत्र वेळीच सावध करते, हा त्याचा उपकार मोठा. पण ‘शेकडा किती’ व ‘एकूण किती’ हे दोन निराळे प्रश्न होत. एस. टी. च्या आगारातून सुटणारी प्रत्येक गाडी भरलेली असेल, परंतु आगारात गाड्याच निम्म्या असतील, तर गावी किती माणसे पोहोचतील? १५ ग्रॅमवाल्या पुरुषाला यंत्र ९८ दाखविते, आणि ७ ग्रॅमवाल्या त्याच्या सुनेलाही ९८च दाखविते. त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू आहे, तिच्या रक्तात ९ च्या जवळपास. जिना चढताना तिची छाती धडधडते ती म्हणूनच. थोड्या गाड्यांना अधिक फेऱ्या कराव्या लागतात. अशा वेळी यंत्राकडे बोट दाखवून ‘हिला काही झालेले नाही’ म्हणणे हा तिच्यावर उघड अन्याय होय.

गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात १२ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास रक्तक्षय म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाचे पुरुष शेकडा २५. मासिक धर्म व बाळंतपण ही कारणे निसर्गाची. सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणे हे कारण मात्र आपले. पालेभाजी, कडधान्ये यांवर लिंबू पिळावे, जोडीस आवळा असावा, व जेवणाला लागून चहा घेऊ नये, म्हणजे लोह अंगी अधिक लागते. रक्तक्षय बराच असेल तर मात्र आहाराने भागत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्यांनी शौच काळे होते, त्यास भिऊन गोळ्या टाकू नयेत.

यंत्र फसते असे आणखी एक ठिकाण आहे. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असता ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे गाडीतील आसने बळकावून बसतो. यंत्राला हा फरक ओळखता येत नाही, आणि माणूस गुदमरत असताही आकडा चांगलाच दिसतो. डोके दुखून चक्कर आली तर आकडा पाहत न बसता आधी मोकळ्या हवेत आणावे व तत्काळ रुग्णालय गाठावे. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात असा गीझर बसवूच नये.

सभागृहामागील खोलीत आज हिमोग्लोबिन तपासण्याची सोय केली आहे. बोटातील रक्ताचा एक थेंब पुरतो. चौदा वर्षांवरील सर्व मुलींनी व भगिनींनी जेवणापूर्वी तेथे जाऊन यावे. आणि आज पहिली पंगत त्यांचीच बसेल, असे आम्ही चिटणीसांकडून कबूल करून घेतले आहे; वाढावयास पुरुषमंडळींनी उभे राहावयाचे आहे.