गाठ गेली, पण हृदयाचं काय?
(महिला आरोग्य मेळाव्यातील भाषण)



स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपण आता थोडं मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. मला त्यापुढचं बोलायचं आहे. या रोगावरची काही औषधं हृदयाला इजा करतात. सात वर्षांपूर्वी मी ती घेतली. उपचार संपले आणि जिना चढताना दम लागू लागला. कुणी म्हणालं रक्त कमी असेल, कुणी म्हणालं पाळी जायचं वय आहे. बाईला दम लागला की कारण आधी तिच्या वयात शोधतात, मग तिच्या मनात. एको काढल्यावर हृदय अशक्त झाल्याचं कळलं. हा धोका मला आधी कुणीच सांगितला नव्हता.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध सलाईनमधून देतात. आयुष्यभरात ते एकूण किती गेलं, यावर धोका ठरतो. २००३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, शरीराच्या दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम औषध गेल्यावर शंभरातल्या सुमारे ५ जणांचं हृदय कमकुवत पडलं. ५५० मिलिग्रॅमला सुमारे २६ जणांचं. स्तनाच्या कर्करोगात नेहमीच्या चार डोसांत २४० मिलिग्रॅम जातं. म्हणजे घाबरायचं नाही, हिशेब ठेवायचा.

ट्रास्टुझुमॅब या औषधाने होणारी इजा बहुधा ते थांबवल्यावर भरून येते. म्हणून ते चालू असताना दर तीन महिन्यांनी एको हवा. डाव्या स्तनाला शेक देताना किरण हृदयापर्यंत पोचतात. खोल श्वास रोखून धरला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरतं. ही सोय आहे का, ते विचारा.

इजा लवकर कळली तर उपाय आहे. २०१० सालच्या एका इटालियन अभ्यासात, किमोथेरपी संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाच्या गोळ्या सुरू झालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के रुग्णांचं हृदय पूर्ण सावरलं. सहा महिन्यांनंतर सुरुवात केलेल्यांत एकाचंही पूर्ण सावरलं नाही. या गोळ्या रक्तदाबासाठी नेहमी वापरातल्या आहेत.

म्हणून आपण मागायचं ते हे. उपचाराआधी, चालू असताना आणि संपल्यावर एको. रक्तदाब आणि साखरेची तपासणी. कोणतं औषध एकूण किती दिलं, याची लेखी नोंद बाईच्या हातात. आणि हे सगळं तिला समजेल अशा भाषेत.

भीतीपोटी कुणीही उपचार सोडू नयेत. ही औषधं जीव वाचवतात. मीही त्यांच्यामुळेच तुमच्यासमोर उभी आहे. पण दम लागणं, पाय सुजणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, चार दिवसांत वजन वाढणं ही लक्षणं अंगावर काढू नका. वस्तीतली एखादी बाई उपचार घेत असेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. एकटीला विचारायला धीर होत नाही. दोघी असल्या की प्रश्न विचारले जातात, आणि उत्तर द्यावंच लागतं.