फुंकर आणि मायक्रोफोन



बासरी आपल्याकडे कृष्णाइतकी जुनी. पण ख्यालाच्या अंगाने राग मांडणारी, मैफिलीत मधोमध बसणारी बासरी शंभर वर्षांचीही नाही. तिला तिथे बसवलं पन्नालाल घोष यांनी. जन्म १९११, बारिसालचा; आज ते गाव बांगलादेशात आहे.

लहान बासरी वरच्या पट्टीत बोलते. तिच्यावर धून रंगते, पण मंद्रात रमणाऱ्या दरबारी रागाचा आलाप कसा व्हायचा? पन्नालालांनी ३२ इंचांपर्यंत लांब, जाड नळीची बासरी घडवली. सहा छिद्रं झाकली की मंद्र पंचम लागतो. त्याच्याही खाली तीव्र मध्यमापर्यंत उतरता यावं म्हणून त्यांनी सातवं छिद्र पाडलं. बासरीला गळा मिळाला.

पण या गळ्याची एक अडचण होती. मंद्रात जोराने फुंकलं तर स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. म्हणून तिथे हलकेच फुंकावं लागतं आणि आवाज जेमतेम पुढच्या चार रांगांपर्यंत पोचतो. ध्वनिमुद्रणासाठी कर्ण्यासमोर ओरडून गाण्याच्या काळात अशा वाद्याचं काय झालं असतं? १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचं, विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मागोमाग रेडिओ आला. पन्नालाल १९४० साली मुंबईत आले, चित्रपटांत रमले. १९४२ च्या ‘बसंत’चं संगीत त्यांचं. मायक्रोफोन त्यांच्या रोजच्या कामातला. माझं म्हणणं एवढंच : मोठी बासरी पन्नालालांनी घडवली, पण ती शेवटच्या रांगेपर्यंत नेली मायक्रोफोनने.

आता त्यांचा यमन ऐकू या. मंद्रातल्या स्वराआधी फुंकरीची सळसळ कानी येते का, तेवढं पाहा.

(ध्वनिमुद्रण ऐकवले जाते.)

आवाजाचा प्रश्न सुटला, वेळेचा राहिला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत राग आटपावा लागे. लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या लाँग प्ले तबकडीत हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार मिळून काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रंगवतात. एचएमव्हीत ती घडवून आणली आपल्या जी. एन. जोशींनी, भावगीतवाल्या जोशींनी! बासरी त्या तबकडीवरून साता समुद्रापार गेली.

आता तक्रार. हल्ली बासरीचं ध्वनिमुद्रण गुहेत केल्यासारखं घुमतं. श्वास पुसून टाकतात, वर प्रतिध्वनीचा मुलामा देतात. अहो, सतारीला तार आहे, तबल्याला कातडं आहे. बासरीला वादकाच्या श्वासावाचून दुसरं आहे काय? मायक्रोफोनने जे जवळ आणलं, ते यंत्रानेच धुऊन काढायचं, हा करंटेपणा झाला.

इथे बसलेल्या ध्वनिमुद्रकांना हात जोडून सांगतो : खोकला काढा, खुर्चीची करकर काढा, फुंकर तेवढी राहू द्या.