घरच्या तांदुळांतील कीड

वर्षाचा तांदूळ एकदम घेऊन ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत अद्यापि आहे. तांदूळ निवडून, पाखडून डब्यांत भरला जातो, गृहिणी निश्चिंत होते. आणि पावसाळ्यांत एके दिवशीं डबा उघडावा, तों आंत सोंडकिडे फिरत असतात! दोष डब्याला दिला जातो. वस्तुतः हा पाहुणा बहुधा तांदुळाबरोबरच घरांत आलेला असतो.

सुमारें ३ मिलिमीटर लांबीचा हा काळपट-तांबूस कीटक. डोक्याला पुढें सोंड, पाठीवर चार फिकट ठिपके. मादी सोंडेनें दाण्याला बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि आपल्या स्रावानें तें भोंक लिंपून टाकते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, तेथेंच कोषांत जाते आणि शेवटीं पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. उबदार, दमट हवेंत हें सारें सुमारें एका महिन्यांत घडतें. म्हणूनच एकदां चाळल्यानें काम भागत नाहीं. किडे चाळणींतून पडतात. अंडीं आणि अळ्या दाण्यांतच राहतात. महिन्याभरानें डबा पुन्हां पाहिलाच पाहिजे. दाण्यांना जाळी धरून गुठळ्या झाल्या असतील, तर ती सोंडकिड्याची नव्हे, पतंगाच्या अळीची करणी समजावी.

ओलावा हा किडीचा मोठा आधार. तांदूळ कोरडा असावा, डबा धुऊन पूर्ण वाळविलेला असावा, झांकण घट्ट बसावें. जुन्या तांदुळावर नवा ओतूं नये. पॉलिश केलेला तांदूळ कडक उन्हांत घातल्यास तडकतो व शिजतांना त्याची कणी होते. म्हणून तो सावलींत पसरून सुपानें पाखडावा. ज्या घरीं शीतकपाट आहे, तेथें थोडा थोडा तांदूळ घट्ट बांधून बर्फाच्या कप्प्यांत, उणे १८ अंशांवर, आठवडाभर ठेवल्यास आंतील अळ्याही मरतात. कडुनिंबाचीं वाळलेलीं पानें किड्यांना दूर ठेवण्यास साह्य करतात. परंतु दाण्याच्या आंत त्यांची मात्रा चालत नाहीं. बोरिक पावडर चोळण्याची चाल सर्रास आहे. परंतु ती खाण्याची वस्तु नव्हे, हें विसरूं नये.

कोठारांत वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र घरांत कदापि आणूं नयेत. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायु सुटतो. अशा गोळ्या घातलेलें धान्य निजावयाच्या खोलींत ठेवल्यामुळें माणसें, विशेषतः मुलें, दगावल्याच्या घटना भारतांत घडल्या आहेत. आणि या विषावर उतारा नाहीं.

थोडे किडे झालेला तांदूळ निवडून, धुऊन खाण्याजोगा असतो. फार पोखरलेला टाकून द्यावा. किडीनें तांदुळाचें नुकसान होतें, तें पुन्हां भरून निघतें. अविचारी उपायानें होणारें नुकसान भरून निघत नाहीं.