हिंगाची डबी

शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेली की पहिलं बोट कुणाकडे जातं, हे मी सांगायला नको. गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांकडे. पंचनामा व्हायचा असतो, पण पारावर निकाल लागलेला असतो.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यांनाही लागू झाला. पाळण्यातलं मूलसुद्धा गुन्हेगार जमातीतलं! सोलापूरला अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत, म्हणजे सेटलमेंट होती. रोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला. कायदा गेला हो, पण...

हिंग संपला तरी डबीचा वास जात नाही. त्या डबीत गूळ ठेवा, वेलदोडे ठेवा, सगळ्याला हिंगाचाच वास. आणि आपण गुळाला नाकं मुरडतो! दोष गुळाचा नाही, डबीचा आहे. डबी आपल्या मनात आहे. धुवायची कुणी? गुळानं?

वर्गात कंपासपेटी हरवते. दप्तरं तपासायची ठरतात. सुरुवात कुठून? पालावरून येणाऱ्या त्या एका मुलीपासून. वह्या, फुटकी पाटी, फडक्यात बांधलेली भाकरी, सगळं जमिनीवर. पेटी सापडते भलत्याच बाकाखाली. सगळे हसतात, तास पुढे सुरू होतो. ती एकटी खाली बसून दप्तर भरत राहते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येत नाही. मग आपण म्हणतो, 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.'

इथं जरा थांबा, नाहीतर मुद्दा निसटून जातो. ती शाळेत का येत नाही, तर आपण संशय घेतला म्हणून. आणि तिचं न येणं हाच आपल्या संशयाचा पुरावा! कामाचंही तेच. चोर म्हणून कुणी कामावर ठेवायचं नाही, मग रिकामा फिरतो म्हणून पुन्हा चोर. वास आपल्या डबीचा, आणि नाव गुळाचं.

2024 साली सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. आपल्या डोक्यातल्या रकान्याचं काय? शिक्षकांना एवढंच सांगतो. गुरुजी, बाई, पेटी हरवली तर आधी बाकांखाली बघा. दप्तरं उघडायचीच असतील तर पहिल्या बाकापासून सगळ्यांची उघडा, नाहीतर कुणाचंच नको. आणि ती मुलगी दोन दिवस दिसली नाही, तर पालावर जाऊन तिला घेऊन या.